सोलापुरात बसून पॉलिस्टरची ‘सोलापुरी’ वाटणाऱ्या खरेदी समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था, शाळा-कॉलेजं, ऑफिसं, मंडळं आणि जिथं जिथं म्हणून खरेदी समिती नाहीतर सत्कार समिती नावाची चार-पाच माणसं बसतात, त्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका संस्थेमुळं लिहायला घेतलं, पण तिचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे सगळे ‘बरं झालं, आपण नाही त्यात’ म्हणून मोकळे होतात, आणि खरं सांगायचं तर तुमच्यातले निम्मे तरी त्यात बसतात. झालं असं की त्या संस्थेचा वर्धापनदिन होता आणि पाहुण्यांना, रिटायर झालेल्यांना आणि स्टाफला प्रत्येकी एक ‘सोलापुरी चादर’ दिली. माझा धाकटा दीर तिथं क्लार्क आहे, त्याला पण मिळाली. प्लास्टिकची झिपवाली बॅग, तिच्यावर सोनेरी अक्षरात सोलापूर, आणि आत पॉलिस्टरचं ब्लँकेट.

आमच्या घरात हे लपून राहत नाही हो. आम्ही पूर्वभागातली, म्हणजे विणकरांच्या वस्तीतली तेलुगू माणसं, नायनाची, म्हणजे वडिलांची, अख्खी हयात लूमवर गेली, अम्मा घरात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आणि मी स्वतः अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला आहे. अम्मानं ती बॅग उघडली, चादर उलटी केली आणि काही न बोलता माझ्याकडं सरकवली. खऱ्या चादरीला उलटी बाजू नसतेच म्हणा ना, सुलटीकडं लाल जमिनीवर पांढरा मोर असला तर उलटीकडं पांढऱ्या जमिनीवर लाल मोर निघतो, दोन्ही बाजूंनी अंथरा नाहीतर पांघरा. ह्या ब्लँकेटवर वरनं मोर छापलेला आणि पाठीमागं नुसता फिकट पांढरा. मग नायनानं कडेचा एक धागा ओढला आणि काडी लावली. सुताचा धागा कागदासारखा जळतो, राख बोटानं चोळली की उडून जाते. हा जळलाच नाही, आकसला, वितळला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली, वास आला तो कॅरीबॅग जळल्याचा. ही परीक्षा अशोक चौकातलं शेंबडं पोरगं पण करू शकतं, तुमच्या समितीतल्या पाच जणांपैकी एकानं पण केली नाही.

दिराला विचारलं तर म्हणाला, वहिनी, नियमाप्रमाणंच झालंय की, तीन कोटेशनं मागवली, सगळ्यात कमी आलं ते घेतलं, इथल्या सुती चादरीचं कोटेशन जवळजवळ दुप्पट होतं. आणि नेमकं हेच मला गप्प बसू देत नाही. कुणी पैसे खाल्ले असते तर सरळ भांडता आलं असतं. इथं कुणी काही खाल्लं नाही, सगळं कागदावर चोख आहे आणि तरी सोलापुरातल्या माणसाच्या खांद्यावर सोलापुरात सोलापूरच्या नावानं प्लास्टिक टाकलं गेलं, फोटोसकट.

आता माझ्या तक्रारी. क्रमानं लिहायचा प्रयत्न करते, पण हा विषय एकात एक गुंतलेला आहे.

पहिली, नावाची. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेलला पण आहे. म्हणजे दुसरीकडं बनवलेल्या, दुसऱ्या पद्धतीच्या मालाला हे नाव लावणं कायद्यानं गुन्हा आहे. पण तुम्ही, सोलापुरातलेच लोक, ‘सोलापुरी चादर, नग इतके’ एवढंच लिहून कोटेशन मागवता, कॉटन लिहीत नाही, जकार्ड म्हणजे मागावरच विणलेली नक्षी, ते लिहीत नाही, वजन लिहीत नाही, मग व्यापारी काय करणार, तो पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांचा गठ्ठा फोडतो, बॅग बदलतो आणि पाठवून देतो. आणि हे करणारा बाहेरचाच असतो असं पण नाही, बॅगा छापून देणारे आपल्यातलेच आहेत, उगाच लांबच्यांवर ढकलायला नको. पानिपतच्या कामगारावर तर माझा काडीचा राग नाही. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले कपडे कांडला बंदरावरनं तिथं जातात, फाडून त्याचा परत धागा होतो, ती धूळ तिथल्या बायकांच्या छातीत जाते, आमच्याकडं सुताची जाते, एवढाच काय तो फरक.

दुसरी तक्रार स्वस्ताईची, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय.

पॉलिस्टर म्हणजे काय तर कच्च्या तेलापासून काढलेला धागा. आज जगात जेवढा धागा बनतो त्यातला निम्म्याहून जास्त हाच आहे. २००० ते २०१५ ह्या पंधरा वर्षात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं असं सांगतात, माणसं काही दुप्पट झाली नाहीत, अंग तेवढंच आहे, फक्त कपाटं भरली. आणि टाकून दिलेल्या कपड्यांतनं परत कपडा होण्याचं प्रमाण एक टक्का पण नाही. मग बाकीचं जातं कुठं? चिलीमध्ये इकिके नावाचं बंदर आहे, करमुक्त, तिथं जगभरचे जुने आणि न खपलेले कपडे उतरतात, वर्षाला ५९ हजार टनांच्या आसपास, आणि त्यातलं जे विकलं जात नाही ते, म्हणजे निम्म्याहून जास्त, शेजारच्या अटाकामाच्या वाळवंटात नेऊन टाकतात. डोंगर झालेत, अगदी टॅग न काढलेल्या कपड्यांचे. वाळवंटात पाऊस नाही, पॉलिस्टर कुजत नाही, त्यामुळं ते तिथंच पडून राहतं नाहीतर कुणीतरी पेटवतं.

तुम्ही म्हणाल चिली कुठं आणि सोलापूर कुठं. आपला तुळजापूर रोडचा कचरा डेपो पेटला की धूर कुठं जातो ते त्या बाजूच्या वस्तीला विचारा. सुती चादर मरते कशी ते मी सांगते. आधी अंगावर, मग अंथरायला, फाटली की वाकळेत, वाकळ विरली की पायपुसणं, आणि शेवटची चिंधी कारखान्यात मशीनचं ऑइल पुसायला. आमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, आजही सुती चिंध्यांचं पोतं विकत घ्यावं लागतं. पॉलिस्टरची चिंधी ऑइल पीतच नाही, नुसती फासते, मेकॅनिक फेकून देतो. बोहारीण पण असली चादर नाहीतर सत्काराची शाल हातात घेऊन बघते आणि बाजूला ठेवते. म्हणजे तुमची ही सत्काराची वस्तू पहिल्या दिवसापासनंच कचरा आहे, फक्त तिला डेपोपर्यंत पोचायला दोन-तीन घरं फिरावी लागतात. आणि प्रत्येक धुण्याला तिचे बारीक तंतू सुटून गटारात, गटारातनं नदीत. समुद्रात जे बारीक प्लास्टिक जातं त्यातला मोठा हिस्सा असल्या कपड्यांच्या धुण्यातलाच असतो म्हणे. दुकानात कॅरीबॅग दिली तर दंड, आणि व्यासपीठावर दोन किलो प्लास्टिक दिलं तर टाळ्या, असं आहे आपलं.

एक गोष्ट मात्र सरळ कबूल करायला पाहिजे, कॉटन म्हणजे लई पुण्यवान असं काही नाही. एक किलो कापसामागं सरासरी दहा हजार लिटर पाणी धरतात, आपल्याकडं त्याहून जास्तच. कापसाला पाणी वळवून सोव्हिएत रशियावाल्यांनी अरल समुद्र आटवला, १९६० साली जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर होतं ते, आता तिथं गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत. आणि आपण कोण, तर उजनी धरण उशाला असून वर्षानुवर्षं चार-पाच दिवसाआड पाणी भरत आलेली माणसं, रंगाईला पाणी किती लागतं आणि ते रंगीत पाणी कुठं सोडलं जातं हे काय आपल्याला माहीत नाही होय. म्हणूनच म्हणते, ज्याच्यासाठी एवढं पाणी गेलं ती वस्तू पंधरा-वीस वर्षं वापरली गेली पाहिजे. अम्माच्या लग्नातली चादर आमच्याकडं अजून पाहुण्यांना काढतात. तुम्ही वाटलेल्या शालींपैकी किती अंगावर दिसतात? एक शाल चार कार्यक्रमांत चार माणसांच्या खांद्यावर जाऊन आलेली मी स्वतः बघितली आहे, हारासकट.

तिसरी तक्रार माणसांची.

मी डिस्पॅचला आहे त्यामुळं परदेशातल्या बायरचे मेल डोळ्यांखालनं जातात. बायर कसा बोलतो सांगू? मागच्या वर्षीचा रेट, त्यात इतके सेंट कमी करा, सूत महागलंय ते आम्हाला सांगू नका, शेजारचा देश कमीत द्यायला तयार आहे. मग मालक हिशोब करतो. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचा नाही, कंटेनरचं भाडं नाही. हातात राहतं काय तर हेमिंगवाल्या, म्हणजे टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या, बाईची पीसवरची मजुरी आणि वायरिंग बदलायचा खर्च. तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो. त्यात बायरच्या ऑडिटवाल्याची तारीख आली की सगळी धावपळ, पॅसेज मोकळे, लाल सिलिंडर भिंतीला, सगळ्यांना मास्क, आणि तो गेला की गठ्ठे परत पॅसेजमध्ये.

२४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, १,१३४ माणसं मेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या पोरी. आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली आणि शिलाईवाल्यांना मात्र ऑर्डर निघायची म्हणून आत बोलावलं. त्याच्या आधी सात महिने कराचीत अली एंटरप्रायजेसला आग लागली, अडीचशेच्या वर माणसं गेली, आणि त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच सगळं उत्तम असल्याचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालं होतं! राणा प्लाझानंतर निदान बांगलादेशात दोनशेच्या वर ब्रँडांना कामगार संघटनांबरोबर एका करारावर सही करावी लागली, कारखाने तपासायचे, दोष सापडले तर दुरुस्त करायचे आणि त्यात ब्रँडनं पण जबाबदारी घ्यायची, आणि तो करार नुसता शोभेचा नव्हता, कोर्टात टिकणारा होता. पुढं पाकिस्तानात पण तसा झाला. आपल्याकडं नाही.

आणि आपल्याकडं काय झालं ते विसरलात का? १८ मे २०२५, रविवार पहाट, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाच्या घरचे पण आणि कामगाराच्या घरचे पण, लहान लेकरू होतं त्यात. राहायला तिथंच होते. मी त्याच रस्त्यानं कामावर जाते. श्रद्धांजलीचे बोर्ड लागले, नेते येऊन गेले, मदत जाहीर झाली, आणि महिनाभरानं आम्ही सगळे परत तसल्याच शेडमध्ये, कापसाच्या तुसात, एकच दार असलेल्या गोडाऊनमध्ये. कारखान्यावर राहणारी कुटुंबं आजही राहतात, कारण भाडं देऊन शहरात राहणं परवडत नाही आणि मालकाला रात्रीचा वॉचमन फुकटात मिळतो.

‘ह्यात आमचा काय संबंध, आम्ही तर चादर घेतली’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणेलच. संबंध असा की तो परदेशातला बायर आणि तुमची समिती ह्यांच्यात मला काहीच फरक दिसत नाही. तो पण एकच प्रश्न विचारतो, किती कमी? तुम्ही पण तोच विचारता. कुठं बनली, कुणी बनवली, त्याला काय मिळालं, दारं किती होती, हे तो विचारत नाही कारण तो दहा हजार किलोमीटर लांब आहे. तुम्ही तर रिक्षानं वीस मिनिटांवर आहात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला तेव्हा गावभर चर्चा, ट्रम्पनं सोलापूरचा टॉवेल बुडवला म्हणून. ज्यांची ऑर्डर अमेरिकेची होती त्यांचे हाल झाले हे खरंच आहे, खात्यात शिफ्ट कमी झाल्या, बायकांना ‘कळवतो’ सांगून घरी पाठवलं. त्याच महिन्यात केंद्र सरकारनं परदेशी कापसावरची ११ टक्के ड्युटी काही महिन्यांसाठी काढली, कशासाठी तर गिरण्यांना आणि एक्स्पोर्टवाल्यांना सूत स्वस्त पडावं. म्हणजे टॉवेलवाल्याला सावरायचं तर विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूसवाल्याचा भाव पडणार, आणि कापूसवाल्याला सावरायचं तर लूमवाला बसणार, दोघांना एकमेकांसमोर उभं करून वरनं सगळे स्वस्त टॉवेल वापरणार. ट्रम्पला शिव्या घालायला आपल्या पार्क चौपाटीवर गर्दी होती. पण त्याच दिवाळीत तुमच्या किती समित्यांनी इथली सुती चादर घेतली? तेव्हा तर गोडाऊनात माल पडून होता, घासाघीस करून घेतला असता तरी चाललं असतं.

आता तुमची उत्तरं मला माहीत आहेत, ती पण घेते.

‘पैसा सभासदांचा, सगळ्यात कमी दराचंच घ्यावं लागतं.’ मान्य. पण सगळ्यात कमी दर कशाचा, हे आधी तुम्हीच लिहिता ना? कॉम्प्युटर घेताना दीड पान स्पेसिफिकेशन लिहिता, रॅम किती, स्क्रीन किती, आणि चादरीला एक ओळ. शंभर टक्के कॉटन, जकार्डवर विणलेली, वजन इतकं, जीआयचा अधिकृत वापरकर्ता, एवढं लिहा आणि मग खुशाल सगळ्यात कमी घ्या.

‘बजेट बसत नाही.’ मग कमी जणांना द्या. पन्नास जणांचा सत्कार कशाला लागतो हे मला आजवर कळलं नाही, व्यासपीठावरच्यांनी व्यासपीठावरच्यांचाच करायचा असतो बहुतेक. शाल नको तर नुसता नमस्कार करा, शेंगाचटणीचं पाकीट द्या, लोक आनंदानं खातील. रोप मात्र देऊ नका, कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत वाळून जातं ते.

‘लोकांनाच मऊ, चकचकीत आवडतं.’ हे खरं आहे आणि ह्याचं वाईट वाटतं. आमच्याच गल्लीतली पोरं मोबाइलवर सेल लागला की चारशेत दोन ब्लँकेटं मागवतात, बाप लूमवर चादर विणतो आणि पोरगं ऑनलाइन ब्लँकेट पांघरतं. त्या पोरांना काय बोलू? त्यांचा पगारच तेवढा आहे. तुमचं तसं नाही, तुम्ही एका सहीत दोन-तीनशे नग उचलता.

तर मागण्या. फार नाहीत.

एक, यंदापासून चादर, टॉवेल, शाल जे काही घ्याल त्याच्या कोटेशनमध्ये कापड, विणाई आणि वजन लिहा, आणि माल आला की समितीसमोर एक धागा जाळून बघा. काडेपेटी मी देते.

दोन, ‘सोलापुरी’ म्हणून खोटा माल आला तर बिल थांबवा आणि जीआय ज्यांच्याकडं आहे त्या उत्पादकांच्या संघटनेला लेखी कळवा. गुपचूप वाटून टाकू नका.

तीन, ज्याच्याकडनं घेता त्याचा कारखाना ऑर्डर देण्याआधी एकदा बघून या, न सांगता. बाहेर पडायची दारं किती, रात्री आत कोण झोपतं, मजुरी कामगाराच्या खात्यावर जाते की हातात, एवढंच विचारा. तुमच्यातल्या बँका आणि पतसंस्था तर ह्याच कारखान्यांना कर्ज देतात, तारण बघायला साहेब जातातच, त्याच फेरीत वायरिंग पण बघा आणि वायरिंग बदलायला, दुसरं दार काढायला कमी व्याजाचं कर्ज ठेवा.

चार, हे महापालिका आणि एमआयडीसीसाठी, कारण त्यांच्या पण खरेदी समित्या आहेत आणि त्यांचं काम फक्त खरेदीचं नाही. मे २०२५ नंतर किती कारखान्यांचं फायर ऑडिट झालं, कितींना नोटीस गेली, कितींनी दुरुस्ती केली, ह्याची यादी लोकांना बघता येईल अशी लावा. आणि घंटागाडीत जुन्या कपड्याला वेगळा कप्पा करा, निदान सुती तरी डेपोत जाळलं जाणार नाही, आम्हाला खात्यात चिंध्या लागतातच.

पाच, सत्कार कमी करा. ही मागणी मान्य होणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

२६ जानेवारीच्या कार्यक्रमांच्या ऑर्डरी डिसेंबरात जातात, संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे सत्कार त्याच्याही आधीचे. तेव्हा हे पत्र नोव्हेंबरच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेवर घ्या, ‘ऐनवेळच्या विषयात’ ढकलू नका. मान्य असेल तर ठराव करा आणि नोटीस बोर्डावर लावा, मान्य नसेल तर का नाही ते पण तिथंच लावा. कोटेशनमध्ये काय लिहायचं कळत नसेल तर कुठल्याही शिफ्टच्या वेळेला पूर्वभागात या, कुणीही कामगार पाच मिनिटांत लिहून देईल, मराठीत नाहीतर तेलुगूत, तुम्ही म्हणाल तसं.

कळावे,
अक्कलकोट रोड एमआयडीसीतली एक डिस्पॅच क्लार्क